अमोनिया चढला तेव्हा

आमच्या मैलापाणी प्रक्रिया केंद्रातून नदीत सोडल्या जाणाऱ्या पाण्यात अमोनिया वाढतोय, याचा पहिला सुगावा लागला तो ब्लोअर रूममध्ये. रात्रपाळीच्या ऑपरेटरनं लॉगबुकात लिहून ठेवलं होतं, "हवा कमी करूनही डीओ उतरत नाही." डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. एरेशन टँकमध्ये तो लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास राहावा म्हणून टँकमध्ये हवा सोडणाऱ्या ब्लोअरचा वेग आपोआप कमी-जास्त होत असतो. त्या रात्री डीओ ४ च्या पुढे गेला, ब्लोअर सर्वांत खालच्या वेगावर आले, विजेचा वापर दणकून उतरला, तरी डीओ तिथल्या तिथे. वीज वाचली म्हणून कुणीही खूश झालं असतं. त्या ऑपरेटरनं मात्र सकाळी मी आल्या आल्या मला गाठलं. "मॅडम, टँकमध्ये कुणीतरी काम थांबवलंय," एवढंच तो म्हणाला.

तो अगदी बरोबर होता. त्यानंतरचे काही आठवडे आम्ही काय केलं, हे सविस्तर लिहावं असं माझ्या मनात बरेच दिवस होतं. मैलापाण्यावरची प्रक्रिया म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर टाक्या आणि यंत्रं येतात. नदी वाचते ती मात्र बरीचशी टाक्यांच्या वरच्या आणि खालच्या अंगाला होणाऱ्या कामामुळे: गटारात काय पडतंय यावर नजर ठेवणं आणि सोडलेल्या पाण्याचं नदीत पुढे काय होतंय ते बघणं. हे काम बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं.

मी ज्या प्रादेशिक संस्थेत प्रक्रिया रसायनतज्ज्ञ म्हणून काम करते, तिच्याकडे एका नदीखोऱ्यातली अनेक गावं-शहरं आहेत. आपापल्या हद्दीतली छोटी गटारं त्या त्या पालिकेनं सांभाळायची. मुख्य मलवाहिन्या, पंपिंग स्टेशनं, प्रक्रिया केंद्रं, नदीचे नमुने आणि उद्योगांना गटारात पाणी सोडायचे परवाने, हे सगळं संस्थेचं. ही घडी नवी नाही. जर्मनीत एम्शर नदीच्या खोऱ्यासाठी १८९९ मध्ये अशी संस्था उभी राहिली आणि रूर नदीसाठी १९१३ मध्ये. कोळशाच्या आणि पोलादाच्या त्या पट्ट्यात एका गावाची घाण पुढच्या गावात वाहून जायची आणि एकट्यादुकट्या गावाच्या हातात उपाय नव्हता. आमच्यावर प्रसंग आला तेव्हा खोरं एका हाताखाली असण्याचा केवढा आधार असतो, ते मी प्रत्यक्ष अनुभवलं.

आता टँकमध्ये काम नेमकं कोण करतं, ते सांगते. घराघरांतून येणारं मैलापाणी ९९.९ टक्के पाणीच असतं. उरलेल्या अंशासाठी सगळा खटाटोप. जाळीवर चिंध्या आणि प्लास्टिक अडतं, ग्रिट चेंबरमध्ये वाळू बसते, पहिल्या क्लॅरिफायरमध्ये जड गाळ बसतो. पाण्यात विरघळलेलं जे राहतं ते एरेशन टँकमधले जीवाणू खातात. त्यांत दोन जाती महत्त्वाच्या. पहिली सेंद्रिय पदार्थ खाणाऱ्यांची: दणकट, झपाट्यानं वाढणारी, काही तासांत दुप्पट होणारी. दुसरी अमोनियावर जगणाऱ्यांची. नायट्रोसोमोनाससारखे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पिरा आणि नायट्रोबॅक्टर त्या नायट्राइटचं नायट्रेट. हे नायट्रीकरण. हे जीवाणू हळवे असतात. सगळं मनासारखं असलं तरी दुप्पट व्हायला त्यांना दिवस-दोन दिवस लागतात, थंडीत आणखी जास्त. आणि त्यांची भूक मोठी: अमोनियातला १ मिलिग्रॅम नायट्रोजन नायट्रेटपर्यंत न्यायला ४.५७ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, शिवाय पाण्यातली ७ मिलिग्रॅमहून जास्त अल्कता (आम्ल पचवायची ताकद) खर्ची पडते.

म्हणून डीओ वर गेला होता. ऑक्सिजनचं सर्वांत मोठं गिऱ्हाईकच उठून गेलं होतं.

आम्ही आजही जी पद्धत वापरतो, ती सापडली तीसुद्धा नायट्रीकरण मोजता मोजता. मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी मैलापाण्यात हवा सोडली, तेव्हा पहिल्या खेपेला अमोनिया पूर्ण जायला सुमारे पाच आठवडे लागले. खाली बसलेला गाळ फेकून न देता त्यांनी त्यावरच नवं मैलापाणी ओतलं. पुन्हा तेच, पुन्हा तेच. दर खेपेला वेळ कमी होत गेला आणि अखेर चोवीस तासांच्या आत काम होऊ लागलं. १९१४ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. गाळातला जीव सांभाळला तर तो आपलं काम करतो, एवढ्या एका गोष्टीवर जगभरातली किती केंद्रं उभी आहेत! त्या सकाळी आमच्या टँकमध्ये तो जीव अर्धा निपचित पडला होता.

प्रयोगशाळेतल्या आकड्यांनी ते पक्कं केलं. बाहेर जाणाऱ्या पाण्यात अमोनिया-नायट्रोजन एरवी लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असतो. तो भराभर चढत २० च्या वर गेला. नायट्रेट जवळजवळ नाहीसं झालं. बाहेरच्या पाण्याची अल्कता वाढली, कारण ती खर्चणारं कुणी उरलं नव्हतं. आणि एवढं होऊनही पाणी दिसायला काचेसारखं, गाळ छान बसणारा, बीओडी, म्हणजे उरलेल्या सेंद्रिय घाणीचं माप, उत्तम! सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला तर देठावरच्या व्होर्टिसेला (एकपेशीय जीव) आपल्या बारीक केसांनी पाणी ढवळत मजेत होत्या. सगळ्यावरच विष पडलं असतं तर आधी याच दगावल्या असत्या.

म्हणजे एकाच जातीच्या जीवाणूंना काहीतरी बाधलं होतं. आम्ही एकेक शक्यता खोडत गेलो. पाण्याचा सामू (पीएच) उतरलेला नव्हता. पाणी थंड पडलं नव्हतं. गाळाचं वय, म्हणजे गाळ टँकमध्ये सरासरी किती दिवस राहतो तो आकडा, पुरेसा होता. गाळ कुजवायच्या टाकीतून, म्हणजे डायजेस्टरमधून, परत येणाऱ्या पाण्यात अमोनिया भरपूर असतो, पण त्याचं प्रमाण नेहमीचंच होतं. मग उरलं काय? वरून, गटारातून आलेलं काहीतरी.

इथे प्रयोगशाळेतल्या एका बाटलीबद्दल सांगायला हवं. बीओडीची चाचणी म्हणजे नमुना बंद बाटलीत, अंधारात, २० अंशांना पाच दिवस (उष्ण हवेच्या ठिकाणी २७ अंशांना तीन दिवस) ठेवायचा आणि जीवाणूंनी किती ऑक्सिजन खाल्ला ते मोजायचं. त्यात नायट्रीकरणाचा ऑक्सिजन मिसळू नये म्हणून बाटलीत अ‍ॅलाइलथायोयुरिया नावाचं रसायन टाकतात. नायट्रोसोमोनासच्या ज्या विकरात (एन्झाइममध्ये) तांबं असतं, त्या तांब्याला ते धरून बसतं आणि विकर बंद पडतं. इतर जीवाणूंना त्याचं काहीच वाटत नाही. आमच्या टँकची लक्षणं त्या बाटलीसारखीच होती. मोठ्या साहेबांच्या बैठकीत मी तेच म्हटलं: "साहेब, कुणीतरी आपल्या अख्ख्या टँकमध्ये हे रसायन टाकल्यासारखं दिसतंय. हेच असेल असं नाही, पण याच्याच भावकीतलं काहीतरी असणार." त्याच भावकीतला थायोयुरिया लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षाही कितीतरी कमी असला तरी नायट्रीकरण मोडून पडतं. नेहमीच्या तपासण्यांत इतकं कमी प्रमाण सापडतच नाही.

कारण शोधायला वेळ लागणार होता. नदीला तेवढा वेळ नव्हता. म्हणून त्याच सकाळी पहिला फोन खालच्या बाजूच्या जलशुद्धीकरण केंद्राला गेला. नदीतून पिण्यासाठी पाणी उचलणाऱ्या केंद्राला अमोनियाची खबर आधी कळायला हवी. कारण क्लोरीन आधी अमोनियाला जाऊन चिकटतं. अमोनिया पूर्ण संपवून मोकळं क्लोरीन शिल्लक राहायला हवं असेल तर त्यातल्या १ मिलिग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ८ ते १० मिलिग्रॅम क्लोरीन घालावं लागतं. नेहमीचा डोस चालू ठेवला तर जंतू मरतील याची खात्री राहत नाही. त्यांनी लगेच दर तासाला तपासणी सुरू केली. हे केंद्रही आमच्याच संस्थेचं, त्यामुळे परवानगी, पत्रव्यवहार, कोणत्या खात्यानं कुणाला कळवायचं हे काहीच आड आलं नाही. वेगवेगळ्या पालिकांच्या ताब्यात हा सगळा पसारा असता तर त्या फोनला किती वेळ लागला असता, हा विचार आजही मला बेचैन करतो.

दुसरं काम नदीवरचं. आम्ही सोडत असलेल्या पाण्याच्या साधारण दहापट पाणी तेव्हा नदीत होतं. २० मिलिग्रॅम अमोनिया त्यात मिसळला की जवळपास २ होतो. ऐकायला कमी वाटतं. पण तो अमोनिया पुढे वाहताना नदीतल्या जीवाणूंकडून नायट्रेट होत जातो, म्हणजे जो ऑक्सिजन आमच्या ब्लोअरनं द्यायचा तो आता नदीनं द्यायचा. २ ला ४.५७ नं गुणा. २० अंशांच्या स्वच्छ पाण्यात जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, आणि हे मागणं जवळपास तेवढंच. वाहतं पाणी हवेतून ऑक्सिजन परत घेत असतं म्हणून सगळा एकदम संपत नाही. पण खाली काही अंतरावर ऑक्सिजनला खड्डा पडतो. तो कुठे आणि किती खोल पडेल याचं गणित स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी ओहायो नदीवर काम करून १९२५ मध्ये मांडलं. तेच गणित करून आम्ही नमुन्यांची ठिकाणं ठरवली.

वेळाही ठरवल्या, आणि याबद्दल मी जरा आग्रही होते. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री नुसता खातं, म्हणून ऑक्सिजन सर्वांत कमी असतो तो पहाटे, उजाडायच्या आधी. उलट दुपारी शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं तेव्हा सामू चढतो आणि माशांना मारणारा मुक्त अमोनिया वाढतो. २० अंशांच्या पाण्यात सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.४ टक्के मुक्त असतो, ८ ला जवळपास ४ टक्के, ९ ला पाव हिस्स्याहून जास्त. एकच अमोनिया पहाटे एका वाटेनं मारतो आणि दुपारी दुसऱ्या. सकाळी दहा-अकराला सोयीनं घेतलेल्या नमुन्यात यातलं काहीच दिसत नाही. आम्ही पहाटे जात होतो आणि टळटळीत उन्हातही.

पहाटेचं काम मला मनापासून आवडतं. आमच्याकडे ऑक्सिजन मोजायचे मीटर आहेत, तरी त्यांच्या पडताळणीला मी विंकलरची जुनी पद्धत वापरते. बाटली पाण्याखाली तिरकी धरून बुडबुडा येऊ न देता काठोकाठ भरायची. त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड पिपेटनं तळाशी सोडायचं, बूच लावायचं आणि बाटली उलटीपालटी करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, ढगासारखा पसरतो आणि हळूहळू खाली बसतो. जितका ऑक्सिजन तितका रंग गडद. ऑक्सिजन नसेल तर साका पांढराच राहतो. विंकलरनं ही पद्धत १८८८ मध्ये दिली. बॅटरीच्या उजेडात ती बाटली हातात धरून रंग येण्याची वाट बघताना पोटात गोळा येतो. आमच्या सर्वांत वाईट ठिकाणी रंग फिकट आला, पण आला. बाटली पांढरी राहिली नाही. तिथल्या मासेमारांना आम्ही आधीच जाऊन सांगितलं होतं, आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर कुठे कळवायचं तो नंबरही दिला होता. त्यांच्याकडून रोज खबर यायची. सेन्सरनं दिली नसती इतकी बारीक खबर.

आता वरची बाजू. काय शोधायचं तेच माहीत नसताना शोधायचं कसं? रसायन शोधण्याऐवजी आम्ही त्याचा परिणाम शोधला. खोऱ्यातल्या दुसऱ्या केंद्रातला निरोगी गाळ आणला, तो छोट्या बरण्यांत वाटला, प्रत्येक बरणीत अमोनिया आणि वेगवेगळ्या वाहिनीतलं मैलापाणी घातलं, हवा सोडली. साधारण चार तासांनी नायट्रेट आणि नायट्राइट किती झालं ते मोजायचं. एका बरणीत साधं पाणी, एकीत मुद्दाम अ‍ॅलाइलथायोयुरिया, म्हणजे दोन्ही टोकं हाताशी. या चाचणीला आयएसओ ९५०९ हे प्रमाण आहे. ज्या बरणीत नायट्रीकरण थांबतं, ती वाहिनी संशयित. मग त्या वाहिनीला जिथे दोन फाटे मिळतात तिथे वर जायचं आणि दोन्ही फाट्यांचं पाणी तपासायचं. असं करत करत मागे सरकायचं.

लिहायला हे सोपं आहे. प्रत्यक्षात एकदा दिवसाचे सगळे नमुने निर्दोष निघाले आणि आम्ही जागच्या जागी अडकलो. जे काही येत होतं ते मधूनमधून येत होतं. तेव्हा मॅनहोलमध्ये ऑटोसॅम्पलर टांगले. हे यंत्र तासातासाला एक बाटली भरतं, अशा चोवीस बाटल्या, मधे बर्फ.

एक गोष्ट इथे ठासून सांगते. या सगळ्या शोधात एकही माणूस मॅनहोलमध्ये उतरला नाही. झाकण उघडलं की आधी दोरीनं गॅस मीटर सोडायचा: ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड. यंत्र वरून हुकानं टांगायचं, नळी वरून सोडायची. हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो, तिथेच जीव जातो. नमुन्यासाठी, चोकअपसाठी, कशासाठीही माणसाला गटारात उतरवणं मला मान्य नाही. आमच्या चमूत नव्यानं आलेल्या प्रत्येकाला मी हे पहिल्या दिवशी सांगते.

ऑटोसॅम्पलरची पेटी उघडली तेव्हा उत्तर डोळ्यांनीच दिसलं. मध्यरात्रीनंतरच्या सलग काही बाटल्यांतलं पाणी हिरवट होतं. सामूची पट्टी बुडवली तर चारच्या खाली. त्या बाटल्यांत तांबं आणि लोह भरपूर निघालं, आणि बरणीत घातल्यावर नायट्रीकरण जवळजवळ शून्य. त्या चेंबरच्या तळाचं सिमेंटही खाऊन खडी उघडी पडली होती, म्हणजे आम्ल पहिल्यांदाच वाहत नव्हतं.

त्या फाट्यावर पाणी सोडण्याचा परवाना असलेली मोजकीच ठिकाणं होती. त्यातल्या एका कारखान्याकडे उष्णता-विनिमयाची यंत्रं आणि बॉयलर होते. नळ्यांत चढलेली तांबेमिश्रित खपली काढायला आम्ल फिरवतात. आम्लानं नळीच खाऊ नये आणि सुटलेलं तांबं पुन्हा पोलादावर बसू नये म्हणून त्यात थायोयुरिया घालतात. कारखान्याचा परवाना शौचालयांच्या आणि शीतकरणाच्या पाण्यापुरता होता. सफाईचं काम बाहेरच्या ठेकेदाराकडे, आणि तो वापरलेलं आम्ल घातक कचरा म्हणून पाठवण्याऐवजी रात्री धुण्याच्या ओट्यावरून मोरीत सोडत होता. आमच्या परवाना निरीक्षकांनी ड्रमवरची लेबलं पाहिली, सुरक्षितता पत्रक मागितलं, त्यात थायोयुरियाचं नाव होतं. कारखान्याच्या माणसांसमोरच नमुना घेतला, तिन्ही भाग सीलबंद केले, सह्या झाल्या: एक त्यांना, एक आम्हाला, एक वाद झालाच तर त्रयस्थ प्रयोगशाळेसाठी. सील मोडलेला किंवा वेळ न लिहिलेला नमुना पुढे कुठेच उभा राहत नाही, म्हणून या कामात घाई चालत नाही. त्या रात्रीपासून मोरी बंद झाली. कारवाईचं पुढे काय झालं तो कायदा विभागाचा विषय आणि त्यात मी शिरत नाही.

मोरी बंद झाली म्हणून टँक लगेच बरा होत नाही. विष काही दिवसांत धुऊन जातं, पण मेलेले किंवा टँकबाहेर वाहून गेलेले जीवाणू पुन्हा वाढायला हवेत. एरवी रोज थोडा गाळ काढून टाकतो, तो आम्ही पूर्ण थांबवला. याला मर्यादा असते. गाळ साचत गेला की दुसऱ्या क्लॅरिफायरवर भार येतो आणि एखाद्या जोरदार पावसात तो कडेवरून सरळ नदीत जातो. रोज लिटरच्या उभ्या भांड्यात गाळ अर्धा तास बसवून बघत होतो, क्लॅरिफायरमध्ये गाळाची पातळी दर पाळीला मोजत होतो, आणि आकाशाकडेही लक्ष होतं.

त्याच वेळी खोऱ्यातल्या दुसऱ्या केंद्रातून टँकरनं जिवंत गाळ आणला. तो उचलण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली नीट तपासला. नोकार्डियासारखे तंतुमय जीवाणू त्यात असते तर अमोनियाच्या दुखण्यासोबत आम्ही फेसाचं दुखणंही घरात घेतलं असतं. टँकरमध्ये गाळाला हवा मिळत नाही, त्यामुळे तो फार वेळ वाटेत राहता कामा नये. रात्री रस्ते मोकळे असताना टँकर आणले, उतरवल्याबरोबर हवेखाली घेतले. विष थांबल्याची बरणीनं खात्री दिल्यावरच हे केलं. आधी आणला असता तर तो गाळही गेला असता.

सुधारणा सरळ रेषेत झाली नाही. अमोनिया उतरू लागला, आम्हाला हायसं वाटलं, आणि एका सकाळी निर्जंतुकीकरणाच्या टाकीत क्लोरीन शिल्लकच राहीना. डोस वाढवला, तरी शून्य. कारण होतं नायट्राइट. अमोनियाचं नायट्राइट करणारे जीवाणू आधी उठले होते, पुढचं पाऊल टाकणारे अजून मागे होते. नायट्राइटमधल्या १ मिलिग्रॅम नायट्रोजनला ५ मिलिग्रॅम क्लोरीन लागतं आणि ते सगळं तिथेच संपतं. ऑपरेटर क्लोरीनच्या डोसशी झगडत होते. मी त्यांना म्हटलं, हे दुखणं बरं होण्याच्या वाटेवरचं आहे, पण तोवर नदीत जंतू जाता कामा नयेत. अमोनिया थोडा शिल्लक असला की क्लोरीन त्याच्याशी क्लोरामाइन होऊन टिकतं, म्हणून त्या काळात हवा आणि डोस यांचा मेळ तासागणिक घालावा लागला. मग नायट्रेट चढलं, नायट्राइट उतरलं, ब्लोअर पुन्हा जोरात फिरू लागले. विजेचा आकडा वर गेलेला बघून इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

नदीवरचे पहाटेचे नमुने आम्ही केंद्र बरं झाल्यावरही बरेच दिवस घेत राहिलो. पाण्यातला ऑक्सिजन परत येतो तितक्या लवकर तळाचे किडे परत येत नाहीत. दगड उचलून त्याखाली मेफ्लायच्या अळ्या आहेत का, हे बघायला आमचा जीवशास्त्रज्ञ अजूनही जातो. ऑक्सिजन कमी पडला की सर्वांत आधी निघून जाणाऱ्यांपैकी त्या एक.

संस्थेत काही गोष्टी बदलल्या. त्या मुख्य वाहिनीवर सामू आणि विद्युतवाहकता सतत मोजणारा सेन्सर बसला. सामू घसरला की पाणी आपोआप पावसाळी साठवण टाकीत वळतं आणि तपासून, थोडं थोडं करून प्रक्रियेत घेतलं जातं. परवान्यांत नवी अट आली: यंत्रांची रासायनिक सफाई करण्याआधी कळवायचं, रसायनाचं पत्रक द्यायचं, वापरलेलं आम्ल कुठे गेलं त्याची पावती दाखवायची. अट ठेकेदारालाही लागू. बरणीची चाचणी आता दर आठवड्याला होते, काही बिघडलेलं असो वा नसो. आणि "हवा कमी करूनही डीओ उतरत नाही" ही नोंद आमच्या धोक्याच्या खुणांच्या तक्त्यात छापून ब्लोअर रूममध्ये लावली आहे.

एक काम मात्र अर्धं आहे. परवाने मोठ्या कारखान्यांचे असतात. कपडे धुण्याची केंद्रं, गाड्या धुण्याच्या जागा, छोटी मुलामा देणारी दुकानं, सेप्टिक टँक उपसून आणणारे टँकर यांची पूर्ण यादी आमच्याकडे नाही. ती गल्लोगल्ली फिरून, पालिकांच्या गटार कर्मचाऱ्यांना विचारत तयार होतेय. कोणत्या चेंबरला कधी वेगळा वास येतो, कुठलं पाणी कोणत्या वारी रंगीत असतं, हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांच्याशी बोलायला मी स्वतः जाते, वही घेऊन.